नांगर कॉपीच केला होता ना, मग लक्ष्मणराव किर्लोस्करांचं एवढं कौतुक कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्याचं स्वतःचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, कोळपणीचं (पिकाच्या ओळींतलं तण काढायचं) एक यंत्र बनवलंय, शेतकरी बघतात, चांगलंय म्हणतात आणि निघून जातात. वडील म्हणतात लक्ष्मणरावांचं, म्हणजे किर्लोस्कर उद्योगाच्या संस्थापकांचं, चरित्र वाच. काका म्हणतात कसलं चरित्र, परदेशी नांगर समोर ठेवून तसाच ओतला, त्यात शोध कसला, आणि वर औंध संस्थानचा राजा पाठीशी. यातलं खरं काय आणि आपण घ्यायचं काय?

माझं आयुष्य बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, आणि शेती अवजारांच्या धंद्यात गेलंय, तेही सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. चरित्रकार लोक जे सांगतात ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

काकांचं अर्धं बरोबर आहे. बिडाचा नांगर लक्ष्मणरावांनी शोधलेला नाही. त्यांचा पहिला नांगर बेळगावात 1903 च्या सुमारास झाला, आणि इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने बिडाचा फाळ एका बाजूने लवकर थंड करून कडक करायचं पेटंट 1803 मध्येच घेतलं होतं, म्हणजे साधारण शंभर वर्षं आधी. अमेरिकेत जॉन डीअरने चिकट मातीसाठी गुळगुळीत पोलादी नांगर 1837 मध्ये केला. तेव्हा "भारतीय प्रतिभेने जगाला नांगर दिला" वगैरे जे लिहितात ते सोडून द्या, त्याने लक्ष्मणराव मोठे होत नाहीत, लिहिणारा लहान होतो.

पण "समोर ठेवून तसाच ओतला" हे वाक्य ज्याने कधी साचा भरलेला नाही तोच म्हणू शकतो. काकांना सांगा, बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. म्हणजे तुम्ही विकत आणलेला भागच पॅटर्न म्हणून, म्हणजे साच्याचा नमुना म्हणून, वाळूत दाबला आणि त्यात रस ओतला तर दीड फुटाचा भाग जवळपास पाच मिलिमीटर कमी येतो, बोल्टाची भोकं सरकतात, तुमचा फाळ त्याच्या नांगराला बसत नाही आणि त्याचा तुमच्या नांगराला बसत नाही. म्हणून पॅटर्न नव्याने, वाढीव मापाने लाकडात करावा लागतो, आणि त्यासाठी आधी ड्रॉइंग लागतं, आणि नांगराचा जो माती पलटणारा वाकडा भाग असतो ना, मोल्डबोर्ड, त्याचं ड्रॉइंग करणं म्हणजे गंमत नाही, तो कुठूनच सरळ नसतो. त्यात फाळ कडक पाहिजे नाहीतर आठवड्यात बोथट, आणि नुसताच कडक केला तर दगडाला लागून काचेसारखा तुटतो. बिडात सिलिकॉन किती आणि रस किती लवकर गार होतो यावर सगळा खेळ. आज आमच्याकडे स्पेक्ट्रोमीटर आहे, बिडात काय किती आहे त्याचे आकडे मिनिटात येतात, तरी चिलच्या, म्हणजे लवकर गार करून कडक करायच्या, कामात रिजेक्शन होतंच. तेव्हा बेळगावात डोळा आणि तुटलेल्या तुकड्याचा रंग, एवढंच होतं.

रंगावरून आठवलं, कारण हा माणूस रंगाच्याच कारणाने इकडे आला. जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक, घरात शास्त्राभ्यासाचं वातावरण, आणि या पोराचं लक्ष शाळेत नाही, चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून बघणं यात. वडिलांना पसंत नव्हतं, थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी राहिले म्हणून 1885 मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जाता आलं. तिथे काही काळाने कळलं की काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने विषय संपला. पण यांत्रिक ड्रॉइंगला रंग कुठे लागतो, रेघ लागते. ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले. तिथल्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून घेतले, अमेरिकन तांत्रिक मासिकं वाचायची सवय लागली ती पुढे सुटली नाही. मोल्डबोर्डचा वाकडेपणा कागदावर उतरवणारा हात हा असा तयार झालेला होता. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आज बरेच जण फोनवर फोटो काढून फॅब्रिकेटरला दाखवतात आणि म्हणतात सेम बनव. फोटोत माप नसतं हो.

नोकरीचं काय झालं तेही सांगायला पाहिजे, कारण लक्ष्मणरावांना "स्पष्टवक्ते" म्हणतात ते इथे दिसतं. बढतीची वेळ आली, हक्क यांचा होता, जागा एका अँग्लो इंडियन माणसाला दिली. लक्ष्मणरावांनी अर्ज-विनंत्या, साहेबाच्या घरी खेटे, असलं काही केलं नाही, राजीनामा दिला आणि बेळगावला आले. त्याआधीच, 1888 पासून, भावाबरोबर सायकलींचा धंदा सुरू होता, मुंबईहून सायकली आणायच्या, बेळगावात रामुअण्णांनी विकायच्या आणि गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवायचं, त्याची फी वेगळी. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव त्या दुकानाचं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे, तो त्यामुळे. म्हणजे धाडसाने नोकरीला लाथ मारली असं जे रंगवतात त्यातही थोडं पाणी घाला, मागे दुकान होतं आणि भाऊ होता. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुकानाच्या जोडीला कडबा कापायचं यंत्र केलं. हे फार साधं यंत्र आहे, चाकाला पातं, एका बाजूने कडबा ढकलायचा. पण अख्खा कडबा टाकला की जनावर वरचं वरचं खातं आणि बुडखे पायाखाली तुडवतं, कुट्टी केली की वैरण पुरते. दुष्काळी भागात याचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, दाव्याला बांधलेली जनावरंच सांगतात.

आणि मग नांगर, आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष उतरतं असं शेतकरी म्हणायचे, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट सगळीकडे "अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक" अशी सांगितली जाते, आणि मला ती त्या रूपात अजिबात आवडत नाही. एक म्हणजे ही भीती काही आपल्याच शेतकऱ्याची नव्हती. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने 1797 मध्ये बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं तेव्हा तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटलं होतं, लोखंडाने जमीन नासते, तण माजतं. दोन खंडांत, शंभर वर्षांच्या अंतराने, एकमेकांचं नाव न ऐकलेली माणसं तेच बोलत असतील तर त्याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येत नाही.

दुसरं, विष हे तोंडावर सांगायचं कारण. आतली कारणं बघा. लाकडी नांगर गावातला सुतार करायचा, फाळ लोहार शेवटायचा, म्हणजे तापवून ठोकून धार काढून द्यायचा, आणि दोघांना सुगीला बलुतं जायचं, धान्यात. रोख पैसा लागायचा नाही. बिडाच्या नांगराला रोख मोजायचे, ते बहुधा सावकाराकडून आणून. आणि तुटला तर? लोहाराकडे न्यावा तर बीड हे तापवून ठोकता येत नाही, घण मारला की तुकडे. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर गावात कोणीही दुरुस्त करू शकणार नाही अशी वस्तू तुम्ही मला विकताय. वर सुतार-लोहाराशी पिढ्यांचा संबंध बिघडवायचा. बैलांना ओढेल का नाही ते वेगळंच. हा माणूस नाही म्हणतोय यात अडाणीपणा कुठेय? मी असतो तर मीही नाही म्हटलो असतो.

लोखंडी नांगराची खरी बाजू अशी की लाकडी नांगर माती फाडतो पण पलटत नाही, आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी-कुंदा (चिवट तणं) एकदा बसला की वरवरच्या नांगरटीने जात नाही, उलट तुकडे होऊन पसरतो. मोल्डबोर्डवाला नांगर तो मुळासकट वर काढून उन्हात उलटा टाकतो. ज्याच्या रानात कुंदा माजला होता त्याला हे एकदा डोळ्याने दिसलं की विषाची गोष्ट आपोआप मागे पडणार. पण ते शेतात दाखवावं लागतं. आणि तुटलं तर तोच भाग, त्याच मापाचा, लगेच मिळेल याची खात्री द्यावी लागते. म्हणजे सुटे भाग हा धंद्याचा जोडव्यवहार नसून धंदाच तो आहे. एकाच पॅटर्नवरचा हजारावा फाळ पहिल्या नांगराला बसला पाहिजे, ही शिस्त ज्याच्या कारखान्यात आहे त्याचाच नांगर चालणार. माझ्या मते लक्ष्मणरावांचं कर्तृत्व इथे आहे. शेतकऱ्याने जे नाकारलं ते त्यांनी शिवी म्हणून घेतलं नाही, कामाची माहिती म्हणून घेतलं. तुम्ही इंजिनिअर असाल तर नवं काय, असं विचाराल. नवं हेच, की तेव्हा आयात नांगर विकणारे एजंट होते, इथल्या मातीची तक्रार ऐकून उद्या पॅटर्न बदलेल असा माणूस त्यांच्यात नव्हता, त्याचं ऑफिस समुद्रापलीकडे होतं.

आता औंधचा राजा. बेळगाव नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती, कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. त्याच सुमारास औंधला लक्ष्मणरावांकडे बांधकामाचं काम चालू होतं, आणि तिथले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात जागा आणि कर्ज देऊ केलं. बाळासाहेब म्हणजे सूर्यनमस्कारवाले, स्वतः चित्रकार, म्हणजे दोन चित्र काढणारी माणसं समोरासमोर बसलेली. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जागा, निवडुंग आणि साप, पाण्याची बोंब. 10 मार्च 1910 ही किर्लोस्करवाडीची तारीख. पुढे स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं, आता ते सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येतं.

तर काकांचं हेही खरं, की राजा नसता तर अवघड होतं. पण एक लक्षात घ्या, जागा निवडताना रेल्वे स्टेशन बघितलंय. औंध गाव स्वतः रेल्वेवर नाही. राजाच्या नजरेसमोर, दरबाराच्या सावलीत कारखाना काढायचा मोह कुणालाही झाला असता. पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि कोक (भट्टीचा कोळसा) वॅगननेच येणार आणि नांगर वॅगननेच जाणार, म्हणून माळ तर माळ, पण रुळाशेजारी. फौंड्रीवाल्याला विचारा, कच्चा माल उतरवून बैलगाडीने दहा-वीस मैल न्यायचा म्हणजे किलोमागे काय पडतं.

आणि माणसं कोण घेतली बघा. रामुअण्णांनी वसाहत आखली आणि सांभाळली. शंभोराव जांभेकर इंजिनिअरिंगला. मंगेशराव रेगे हिशेबाला. के. के. कुलकर्णी, जिथे अडेल तिथे पाठवायचा माणूस. अनंतराव फळणीकर, शाळेत न टिकलेला पण यंत्रात डोकं चालणारा. आणि राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघांच्या नावावर पोलिसात दरोड्याची नोंद. हा त्या काळात पोलिसांनी कायमचा शिक्का मारलेला समाज, पिढ्यान्‌पिढ्या हजेरी द्यायला लावलेली माणसं, आणि त्यांच्या हातात कारखान्याची राखण. याला मी स्पष्टपणा म्हणतो, तोंडाने फटकळ बोलण्यापेक्षा हे अवघड. तसंच शिवाशिवीचं. वैदिक घरातून आलेला माणूस, पण वाडीत अस्पृश्यता चालणार नाही हे ठरवलं आणि वसाहतीत तसं वागवलं. 1910 नंतरची ती वर्षं, आसपासच्या गावांत पाणवठे वेगळे, हे डोळ्यासमोर ठेवून वाचा. (औंध संस्थानातच पुढे 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत झाली, त्याचं श्रेय वाडीला द्यायचा माझा हेतू नाही, पण त्या मातीत हे विचार फिरत होते एवढं नक्की.)

उगाच देव्हाऱ्यातही बसवू नका. मालकाने घर द्यायचं, शाळा द्यायची, आणि मग तुम्ही कसं वागायचं तेही मालकानेच ठरवायचं, ही पद्धत आज कुणाला सहन होणार नाही आणि होऊही नये. जगात कुठेही असल्या कारखाना-वसाहतीत ही खोट असतेच. आणि नशीबही होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं, बाहेरून येणारे नांगर थांबले, बाजार मोकळा. पण त्याच युद्धाने लोखंड, कोळसा, रंग सगळंच दुर्मिळ केलं, तेव्हा मोकळ्या बाजाराचा फायदा ज्याला कच्चा माल जमवून भट्टी चालू ठेवता आली त्यालाच झाला.

पुढचं भराभर सांगतो, ते बहुतेकांना माहीत असतं. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप. 1920 मध्ये लिमिटेड कंपनी. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी "किर्लोस्कर खबर" सुरू केली, कारखान्याच्या बातम्या आणि गिऱ्हाईकांसाठीचं पत्रक म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे "किर्लोस्कर", "स्त्री", "मनोहर" अशी मासिकं होऊन मराठी घराघरात गेली. नांगराच्या कारखान्यातून मासिकं निघाली हे आजही मला भारी वाटतं, आमच्या एमआयडीसीतून फक्त कॅलेंडरं निघतात. मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव 1922 मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेले, माधव क्षयाने गेला, शंतनुराव 1926 मध्ये शिकून परत आले. त्याच साली वाडीत सेंट्रिफ्युगल पंप झाला. मग 1941 मध्ये हरिहरला लेथ, 1946 मध्ये पुण्याला ऑइल इंजिन आणि बंगलोरला इलेक्ट्रिकचा कारखाना. गांधीहत्येनंतर 1948 च्या जाळपोळीत वाडीचं प्रचंड नुकसान झालं, पुन्हा उभी केली. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले.

यात कुटुंबाच्या धंद्यातल्या लोकांनी एक गोष्ट नीट बघावी. नांगर करणाऱ्या बापाने पोराला "नांगरच चांगला कर" असं म्हणून अडकवलं नाही. पोरगं पंप, इंजिन, मशीन टूल म्हणत होतं आणि धंदा तिकडे गेला. माझ्या ओळखीत असे कितीतरी फौंड्रीवाले आहेत की ज्यांचा मुलगा शिकून आला, सीएनसी टाकू म्हणाला, आणि बापाने सांगितलं, आधी पाच वर्षं साचे भर. मुलगा आता हिंजवडीत आहे.

आता तुमचं कोळपणी यंत्र. तुम्ही लिहिलंय शेतकरी चांगलंय म्हणतो आणि निघून जातो. त्याने अजून नाही म्हटलेलंच नाही, हीच तुमची अडचण आहे, तोंडावर चांगलं म्हणून तो तुम्हाला वाटेला लावतोय. त्याला नाही म्हणायला लावा. दोन-तीन शेतकऱ्यांकडे यंत्र सीझनभर ठेवून द्या, पैसे मागू नका, आणि सोयाबीन-हरभऱ्याच्या रानात तुम्ही स्वतः जाऊन उभे रहा, वापसा (मशागतीला योग्य ओल) असताना आणि चिखल असताना दोन्ही वेळा. काय तुटतं, काय चिकटतं, कोण वापरतं ते बघा. कोळपणी आपल्याकडे बऱ्याच घरात बायका किंवा म्हातारी माणसं करतात आणि तुमचा हँडल तुमच्या उंचीचा असणार, मी बघितलेल्या दहातल्या आठ यंत्रांत असतो. मग पातं. पातं कुठल्या स्टीलचं, किती एकरात झिजतं, आणि त्याच मापाचं दुसरं गावच्या कृषी केंद्रात किती रुपयाला मिळेल हे यंत्राच्या आधी ठरवा. जमल्यास पात्याची दोन भोकं बाजारातल्या चालू पात्याच्या मापाची ठेवा म्हणजे तुमचा माल संपला तरी त्याचं काम अडत नाही, त्याने तुमचा पात्याचा धंदा थोडा जाईल पण यंत्र विकलं जाईल.

आणि किंमत विचारली की लगेच सबसिडीचं सांगायला लागू नका. सबसिडी म्हटलं की तो अनुदान यायची वाट बघत बसतो आणि तुमचं यंत्र शेडमध्ये. रोख किंमत सांगा, ती का आहे तेही सांगा, आणि हप्ता सुगीनंतर लावता येत असेल तर लावा.

काकांना एक काम द्या. घरात जुना बिडाचा नांगर पडला असेल, आमच्या भागात गोठ्यामागे सापडतोच, त्याचा फाळ काढून एखाद्या फौंड्रीत न्या आणि सेम पाच ओतून आणा म्हणावं. आणलेले पाच त्या नांगराला बसवून बघा, मग शोध कसला यावर बोलू.